खोट्या चिठ्ठीमागे हरवलेला रानपिंगळा

संग्रहालयातील पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी हेही इतिहासाचे साधनच. ताम्रपट बनावट निघतो, तशी तीही निघू शकते. अशाच एका चिठ्ठीची आणि एका घुबडाची ही हकिकत.

रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. (होय, काँग्रेसच्या स्थापनेतील तेच ह्यूम.) पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातील शुष्क पानझडी रानांत त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले सात नमुने.

त्यांतल्या एकावर रिचर्ड माइनर्ट्झहेगन या लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, १९१४. ती सर्वांनी प्रमाण मानली आणि शोधाची दिशाच चुकली. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची क्ष-किरणांसह कसून तपासणी केली. तो डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह खपवलेला. माइनर्ट्झहेगनची गणना आजही ‘रंगेल साहसवीरां’त होते, ती मला तरी मान्य नाही.

ती नोंद बाद ठरवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर भर दिवसा रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! हा पक्षी दिवसाच वावरतो; मात्र गावपिंगळ्याशी त्याचे साम्य इतके की नजर सहज फसते.

पुढे तो मेळघाटात आढळला आणि २०१४मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यातही. म्हणजे मीरा-भाईंदरपासून काही तासांच्या वाटेवर. तानसा धरण १८९२चे. मुंबईच्या पाण्यासाठी त्याचे पाणलोट क्षेत्र राखले गेले आणि त्या आडोशाने रानही टिकले. घुबडाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

२०१८मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. नव्या नोंदी मिळाल्या, हे त्यामागचे मुख्य कारण. रान वाढले, असे नव्हे. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. त्या नव्या रोपवनांत मिळत नाहीत, आणि तोरणमाळ परिसरात तर वनजमिनीवर शेती सरकतेच आहे.