अंमळनेरचे भागधारक : खान्देशातील अल्पबचतीच्या इतिहासातील एक प्रकरण

खान्देशातील अल्पबचतीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो बहुतांशी सोने, शेतजमीन, टपालखात्याची बचतपेढी आणि १९०४ च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या सहकारी पतपेढ्या यांचाच होईल. जळगाव व धुळे ही दोन्ही ठाणी कापसाच्या व्यापाराची. तेथे भांडवल हा सावकाराचा किंवा गिरणीमालकाचा विषय मानला जाई. शेतकऱ्याच्या बोलण्यातील 'भाग' म्हणजे पिकाचा वाटा. त्याच शब्दाला कंपनीच्या मालकीतील हिस्सा हा अर्थ येणे हा केवळ भाषिक बदल नव्हे.

या बदलाचे सर्वांत ठळक उदाहरण अंमळनेरचे होय. भुईमुगाच्या या पट्ट्यात एम. एच. हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापिली. वनस्पती तूप व त्याच्या जोडउत्पादनापासून धुण्याचा साबण, एवढाच तिचा व्याप. तिचे भाग गावातील अनेक सामान्य कुटुंबांनी घेतले. डोळ्यांसमोर चालणाऱ्या कारखान्यात पैसे गुंतविणे हे शेत घेण्याच्या व्यवहाराहून फारसे वेगळे वाटले नसावे.

१९६६ साली संस्थापकांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत एका भागधारकाने त्यांना आपला हिस्सा विकून कारभार जाणत्या माणसांकडे सोपविण्यास सुचविले. पुढील इतिहास ठाऊक असल्याने हा प्रसंग आज गमतीने सांगितला जातो. परंतु त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरून पाहता ती शंका मुळीच अडाणी नव्हती. १९७७ साली 'विप्रो' हे नाव आले, नंतर संगणकाचा व्यवसाय आला; तुपाच्या कंपनीचे भाग घेणाऱ्यांनी याची कल्पना करणे शक्यच नव्हते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. १९९७ साली एका भागामागे दोन बक्षीसभाग मिळाले. १९९९ साली दहा रुपयांच्या भागाचे दोन रुपयांचे पाच झाले. २००४ साली पुन्हा एकास दोन व २००५ साली एकास एक बक्षीसभाग आले. म्हणजे आरंभीच्या एका भागाचे आठ वर्षांत ९० भाग झाले. मात्र 'बक्षीस' हा शब्द फसवा आहे. गंगाजळीतील रक्कम भांडवलात वर्ग होते, एवढेच. भाकरीचे तुकडे वाढतात, भाकरी नव्हे. भाकरी वाढली ती कंपनीने राखून ठेवलेल्या व पुन्हा धंद्यात घातलेल्या नफ्यामुळे.

तेव्हा अंमळनेरकरांच्या लाभाचे श्रेय दूरदृष्टीला किती द्यावयाचे? ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा विहिरीसाठी भाग विकले असतील, त्यांची गरज खरी होती. ज्यांनी ठेवले, त्यांपैकी काहींनी विश्वासाने ठेवले, तर काहींनी केवळ पेटीतला कागद पेटीतच राहिला म्हणून. याच खान्देशातील प्रताप मिलसारख्या, एके काळी अधिक भक्कम वाटणाऱ्या कापडगिरण्या पुढे बंद पडल्या, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

अशा विस्मृत कागदांचा प्रश्न अद्याप संपलेला नाही. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले भाग आता सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि ते परत मिळविण्यासाठी वारसांना मूळ धारकाशी असलेले आपले नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते.