एकोणतीस वर्षांचा जागर

सानपाड्याच्या शेजारीच तुर्भ्याची घाऊक बाजारपेठ आहे. घाटावरून भाजीपाल्याचे ट्रक तेथे रात्रीच येतात आणि आपण साखरझोपेत असताना हमालांचा दिवस सुरू झालेला असतो. जागृत राहण्याच्या प्रभूच्या आज्ञेवर प्रवचन करावयाचे असले, की ती माणसे माझ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांना निदान ट्रक केव्हा येणार हे ठाऊक असते. वेळ ठाऊक नसताना जागे राहणे कठीण. इतिहासात त्याचे एक उदाहरण आहे.

१६५८ साली डचांनी श्रीलंकेतील जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. कॅल्विनपंथीय सत्तेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली व धर्मगुरूंना हाकलून दिले. पुढे १६८७ साली गोव्याच्या बाणावलीत जन्मलेले फादर जोसेफ वाझ वेश पालटून तेथे पोहोचले. प्रवासातील आजाराने ते खंगले होते. कॅथलिक कोण, हे उघडपणे विचारण्याची सोय नव्हती. म्हणून गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत हिंडले आणि ती पाहून कोणाचा चेहरा उजळतो, हे न्याहाळू लागले. अशी घरे सापडली. मग रात्रीच्या वेळी, बंद दारांआड, पवित्र मिस्सा होऊ लागली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे देहावसान झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे धैर्य आपण गातो, ते योग्यच आहे. पण मला राहून राहून त्या घरांचा विचार पडतो. मधली एकोणतीस वर्षे ना मिस्सा, ना पापनिवेदन. त्या काळात जन्मलेल्या कित्येकांनी कॅथलिक धर्मगुरू पाहिलाही नसेल. तरी जपमाळेची ओळख उरली, कारण आईबापांनी ती घरात जिवंत ठेवली. धर्मगुरू केव्हा येणार, येणार की नाही, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

आज आपल्यावर कोणाची बंदी नाही. आपल्याला डुलकी लागते ती दगदगीने, आणि थोडी सुखानेही. मलाही लागते, रोज वेदीपाशी उभा राहणारा माणूस जागाच असतो, असे नव्हे. उद्या एकोणतीस वर्षे आपल्या दारी कोणी धर्मगुरू आला नाही, तर आपल्या घरातील लेकरे जपमाळ ओळखतील काय? याचे उत्तर चर्चमध्ये नव्हे, तर आज रात्रीच्या जेवणानंतर आपल्या घरात ठरावयाचे आहे.