मीटर पेटी

ज्या बंदिस्त पेटीत किंवा कपाटात इमारतीत येणारी वीजजोडणी, वीजमीटर आणि मुख्य स्विच बसविलेले असतात, तिला मीटर पेटी म्हणतात. महाराष्ट्रातील बहुमजली इमारतींत सर्व सदनिकांचे मीटर बहुधा तळमजल्यावर, जिन्यालगत एकत्र बसवितात. त्या जागेस 'मीटर रूम' असे म्हणतात. भारतात घरगुती सिंगल फेज जोडणीचा विद्युतदाब २३० व्होल्ट असतो.

रचना

वितरण कंपनीची सर्व्हिस वायर प्रथम कट-आउटमध्ये, तेथून मीटरमध्ये आणि पुढे ग्राहकाच्या मुख्य स्विचकडे जाते. मीटर सीलबंद असून तो कंपनीच्या अखत्यारीत असतो. मीटरपुढील वायरिंगची देखभाल ग्राहकाने करावयाची असते. मुख्य स्विच बंद केल्यावरही त्याच्या अलीकडील तारांत विद्युतदाब कायम राहतो. त्यामुळे स्विच बंद असलेली पेटीही निर्धोक समजता येत नाही.

सैल जोडांचा धोका

तारेचा स्क्रू सैल झाल्यास जोडाचा विद्युतरोध वाढतो. निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, ०.१ ओहम रोधाच्या जोडातून २० अँपिअर धारा वाहिल्यास त्या एकाच ठिकाणी ४० वॅट उष्णता निर्माण होते. उष्णतेमुळे जोड आणखी बिघडतो, रोध वाढतो आणि अखेरीस तारेचे आवरण जळू लागते. या काळात धारा ठरलेल्या मर्यादेतच असल्याने एमसीबी ट्रिप होत नाही.

ॲल्युमिनिअम व तांब्याच्या तारा परस्परांना थेट जोडल्यास, विशेषतः दमट हवेत, गंज चढून हाच दोष उद्भवतो. जुन्या वायरिंगवर वातानुकूलन यंत्र किंवा गिझर यांचा वाढीव भार टाकणे आणि फ्यूजमध्ये जाड तार घालणे हीदेखील आगीची कारणे ठरतात.

संरक्षक साधने

एमसीबी अतिभार व शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण देते. आरसीसीबी फेज व न्यूट्रल यांतील धारांची तुलना करते आणि गळती आढळताच पुरवठा तोडते. व्यक्तीच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचे साधन वापरतात. अर्थिंग सुस्थितीत असणेही आवश्यक असते. तथापि, यांपैकी कोणतेही साधन सैल जोड ओळखत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष तपासणीच करावी लागते.

दक्षता

जळका वास, चरचर असा आवाज, दिव्यांची लुकलुक आणि जोडापाशी तपकिरी झालेले प्लास्टिक ही धोक्याची पूर्वचिन्हे होत. ती आढळल्यास पेटीस हात न लावता वितरण कंपनीला कळवावे. मीटरपुढील दुरुस्ती परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी.

मीटर रूममध्ये रद्दी, रंगाचे डबे वा दुचाकी वाहने ठेवू नयेत. जिन्यालगतच्या आगीचा धूर वर चढून रहिवाशांचा बाहेर पडण्याचा मार्गच बंद करतो. विजेच्या आगीवर पाणी टाकणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरतात.