रशियातील मद्यपानाचे शिष्टाचार

रशियन समाजात घरगुती मेजवानी, लग्न, वाढदिवस, श्राद्धासारखे प्रसंग इत्यादी वेळी पाळले जाणारे पिण्यापाजण्याचे संकेत. अशा बैठकीला ‘झास्तोल्ये’ म्हणतात आणि ती सहज चार-पाच तास चालते. व्होडका हे तिच्यातील मानाचे पेय, पण तिच्याहून अधिक मोल असते ते पिण्याआधी बोलल्या जाणाऱ्या शब्दांना, म्हणजे टोस्टला. टोस्ट न म्हणता, आपल्याआपण घोट घेणे हे दारुड्याचे लक्षण समजले जाते.

पहिला टोस्ट बहुधा भेटीचा किंवा जमण्याच्या निमित्ताचा असतो. नंतर यजमानांचा, आईवडिलांचा. तिसरा प्रेमाचा किंवा उपस्थित स्त्रियांचा. तेव्हा पुरुष उभे राहतात. सैन्यातून आलेल्यांच्या बैठकीत मात्र तिसरा पेला युद्धात गेलेल्या सोबत्यांसाठी असतो. सगळे उठतात, कोणी पेला कोणाच्या पेल्याला लावत नाही, कोणी बोलत नाही. न समजून ‘चिअर्स’ म्हणणाऱ्या पाहुण्याची इथे फार पंचाईत होते. मोठ्या समारंभात टोस्टची सूत्रे ‘तामादा’कडे असतात, ही प्रथा जॉर्जियातून आली. पाहुण्याकडूनही दोन वाक्यांची अपेक्षा असतेच. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाचे कौतुक केले तरी काम भागते.

व्होडका थंडगार, बर्फ वा सोडा न घालता, ‘र्यूमका’ नावाच्या छोट्या पेल्यातून घेतात. माप ग्रॅममध्ये सांगतात. ‘शंभर ग्रॅम’ हा शब्दप्रयोग तर घरोघरी आहे. १९४१ मध्ये आघाडीवरील सोव्हिएत सैनिकांना रोज तेवढीच व्होडका मंजूर झाली होती. पिण्याची रीतही ठरलेली : श्वास सोडायचा, पेला एका दमात रिता करायचा, काळ्या पावाचा तुकडा नाकाशी धरून हुंगायचा आणि मग खारवलेली काकडी, हेरिंग मासा किंवा मुरवलेल्या अळंबीचा घास घ्यायचा. या चकण्याला ‘झाकुस्का’ म्हणतात. तो टाळून नुसते पीत राहणे हा बहादुरीचा नव्हे, बावळटपणाचा प्रकार मानतात. टोस्ट झाल्यावर भरलेला पेला न पिता खाली ठेवत नाहीत. रिकामी बाटली मेजावर ठेवणे अशुभ. ती खाली जमिनीवर जाते. १८१४ मध्ये पॅरिसला पोचलेल्या कोसॅक सैनिकांनी बिल चुकवण्यासाठी बाटल्या मेजाखाली लपवल्या, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो नसो, चांगली आहे.

उशिरा येणाऱ्याला दंडाचा पेला भरून देतात, निघणाऱ्याला वाटेचा. पाहुण्याने मेजवानीला जाताना केक, बाटली वा फुले न्यावीत. फुले विषम संख्येत, कारण सम संख्या मृतांसाठी असते. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करू नये, जोडे दाराशी काढावेत. मृत्यूनंतरच्या ‘पोमिन्की’ या भोजनात पेले भिडवत नाहीत; मृताच्या नावाचा एक पेला भरून त्यावर पावाचा तुकडा ठेवतात.

नकार देणे ही खरी कसोटी. आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह होतो तसाच हा आग्रह, आणि नुसते ‘नको’ त्यापुढे टिकत नाही. औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे, अशी ठोस कारणे मात्र निमूट मान्य होतात. गाडीचे कारण बिनतोड आहे, कारण चालकाच्या उच्छ्वासात एका लिटरला ०.१६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास परवाना जातो. नकाराचे कारण पहिल्या पेल्याआधीच सांगावे. तीन पेल्यांनंतर आठवलेल्या औषधावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या पिण्यापाजण्यात सरकारनेही वेळोवेळी हात घातला. १९१४ मध्ये युद्धामुळे व्होडकाविक्रीवर बंदी आली. मे १९८५ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम सुरू केली. द्राक्षबागा तोडल्या गेल्या, घरोघरी ‘सामागोन’ ही हातभट्टी पेटली आणि दुकानांतून साखर दिसेनाशी झाली. बिअरला कायद्याने मद्य ठरवण्याचे पाऊल २०११ मध्ये पडले. दुकानांतील मद्यविक्री देशभर रात्री ११ ते सकाळी ८ बंद असते; काही प्रांतांत निर्बंध याहून कडक आहेत. रस्त्यावर वा बागेत पिणे दंडपात्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २००३ ते २०१६ या काळात रशियातील दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटले.