पहार, अडकित्ता आणि तरफेचा इतिहास



मेळघाटातील साग परतवाड्याच्या लाकूड डेपोत येतो, हे आपणास सांगावयास नको. चार माणसांना न हलणारा ओंडका एकच मजूर पहारीने कसा हलवितो, हेही आपण पाहिले असेल. पहारीचे टोक ओंडक्याखाली, त्यालगत एक दगड आणि दुसऱ्या टोकावर मजुराचे बळ. शाळेत याच पहारीला तरफ म्हणतात व दगडाला टेकू. नवल असे की, ज्याचे वडील आरामशीनवर रोज पहार चालवितात, तोच मुलगा फळ्यावरची तरफ पाहून गोंधळतो, आणि वडीलही म्हणतात, "मास्तरसाहेब, विज्ञान आमच्या घराण्यात नाही."

थोडा हिशेब करू. पहार 150 सेंटिमीटर लांब आहे व टेकू ओंडक्याकडील टोकापासून 15 सेंटिमीटरवर आहे. हाताकडील भुजा 135 सेंटिमीटर झाली, म्हणजे नऊपट. मजुराने 40 किलोचा जोर दिला की पलीकडे 360 किलो पेलले जातात. मात्र फुकट काहीच मिळत नाही. हात 45 सेंटिमीटर खाली जातो तेव्हा ओंडका अवघा 5 सेंटिमीटर वर येतो. म्हणूनच मजूर थोडे उचलतो, खाली पाचर सरकवितो आणि पुन्हा उचलतो.

अवजार आधी आले, नियम फार नंतर. मोहेंजोदडोच्या व्यापाऱ्यांजवळ तराजू व वजने होती, परंतु तरफेच्या नियमाची भूमितीने सिद्धता दिली ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूसच्या आर्किमिडीजने. येथून सामान्यतः गोष्ट एकदम युरोपात उडी घेते. मधली अनेक शतके जणू कोणी काटा हातात धरलाच नाही! वस्तुस्थिती तशी नाही.

नवव्या शतकात हर्रान येथे साबित इब्न कुर्रा नावाचा एक तरुण होता. तो सराफी करीत असे, असे सांगतात. तो साबी पंथाचा होता. बनू मूसा या तीन गणिती भावांपैकी मुहम्मदने त्याची हुशारी ओळखून त्याला बगदादला आणले. पुढे त्याने 'करस्तून' म्हणजे विषमभुज काट्यावर ग्रंथ लिहिला. या काट्याची एक भुजा आखूड व दुसरी लांब असते. लांब भुजेवर लहानसे वजन सरकवून जड माल तोलतात. साबितने त्यात एक महत्त्वाची गोष्ट हिशेबात घेतली. दांडीला स्वतःचेही वजन असते! आपल्या मजुराला हे हातानेच कळते. पहारीची लांब बाजू आपल्याच वजनाने खाली येऊ पाहते व त्याचे काम थोडे हलके करते. साबित 901 साली वारला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने हा ग्रंथ लॅटिनमध्ये नेला आणि युरोपचे विद्वान तो वाचू लागले.

त्याच बाराव्या शतकात, 1121 च्या सुमारास, मर्व्ह येथे अल्-खाझिनीने 'मीझानुल हिक्मा' हा तराजूंविषयीचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. पाण्यात तोलून सोन्यातील भेसळ ओळखण्याची रीत त्यात आहे. अल्-खाझिनी लहानपणी गुलाम होता, नंतर मुक्त झाला. राजघराण्यातील तो नव्हे.

आता घरातील अवजारे पाहा. कात्री व पक्कड यांचा टेकू मधोमध, म्हणून त्या पहारीच्या जातीच्या. चिमट्यात बळ मध्ये लागते. त्यात जोर वाढत नाही, उलट घटतो. पण तव्यावरची रोटी चिमट्याने उचलताना हात भाजत नाही, हा फायदा काय कमी आहे? अडकित्ता, ज्याला आपल्यापैकी अनेकांच्या घरी सरोता म्हणतात, तो निराळा. त्याचा टेकू एका टोकाला आणि सुपारी मध्ये. सुपारी खिळीपासून 3 सेंटिमीटरवर व मूठ 15 सेंटिमीटरवर असेल तर जोर पाचपट होतो. सुपारी खिळीच्या आणखी जवळ, 2 सेंटिमीटरवर सरकविली तर किती पट होईल, हे मुलांनी काढावे आणि उत्तर आजीला विचारून ताडून पाहावे. आकडा तिला सांगता येणार नाही, पण कडक सुपारी ती कोठे धरते ते पाहा.