ॲपवरचा सहभाग

मुलं वर्गात टिकत नाहीत, गॅदरिंगला स्वयंसेवक सापडत नाहीत, भित्तिपत्रकासाठी लेख मागून मिळत नाहीत. या सगळ्यावर हल्ली कॉलेजांत एकच उतारा सुचवला जातो: ॲप काढा, इन्स्टाग्रामवर पान उघडा, ऑनलाइन प्रश्नमंजुषा घ्या. मुलं फोनवर असतात, तेव्हा कॉलेजनेही तिथंच जावं, असा हा युक्तिवाद. शिवाय क्लिक मोजता येतात आणि नॅकच्या मूल्यांकन अहवालात आकडे शोभून दिसतात.

या पक्षाकडे पुरावा नाही असं नव्हे. 2011 साली संशोधक रेनॉल जंको आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 125 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे दोन गट केले आणि एका गटासाठी सत्रभर ट्विटर वापरलं. त्या गटाचा सहभाग वाढला, गुणही वाढले. पुरस्कर्ते नेमके इथं थांबतात. त्या प्रयोगात शिक्षक स्वतः ट्विटरवर उतरले होते. वर्गात अर्धी राहिलेली चर्चा पुढे नेत होते, शंकांना उत्तरं देत होते, समाजसेवेच्या उपक्रमांची जुळवाजुळव करत होते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर चार कॉलेजं धावणाऱ्या प्राध्यापकाकडून ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

त्याच जंको यांनी पुढच्याच वर्षी 2,300 हून अधिक विद्यार्थ्यांच्या फेसबुक-वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवरचा वावर जास्त, तिथं सहभागाचा निर्देशांक कमी, असं त्यात दिसलं. मात्र कार्यक्रमाला येतो म्हणून कळवणं यांसारख्या वापराचा सहभागाशी चांगला मेळ होता. म्हणजे जायला मुळात कार्यक्रम हवा! ऑनलाइन अभ्यासक्रमांची गत याहून वाईट. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अवघ्या 3.13 टक्क्यांनी ते पुरे केले. टाळेबंदीत फॉर्म भरला की प्रमाणपत्र देणारे वेबिनार आपणही पाहिलेच आहेत.

मग मुलं गुंततात कशात? पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. तिच्या तालमींसाठी मुलं पावसाळ्यात रात्र-रात्र जागतात. कुणी नेपथ्याच्या फळ्या ठोकतं, कुणी प्रकाशयोजनेवरून दिग्दर्शकाशी भांडतं, आणि वेळेत पडदा पडला नाही तर काय, ही धास्ती सगळ्यांनाच असते. व्हॉट्सॲपचा ग्रुप तिथंही असतो. तालीम किती वाजता, एवढंच सांगण्यापुरता. 2022 मध्ये तर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं आणि तो कुणालाच दिला नाही. त्यावर बराच वाद झाला. पण नापास होण्याची अशी खरी शक्यता असते, म्हणूनच मुलं तिथं जीव ओततात. ॲपवर लॉगिन केल्याबद्दल मिळणाऱ्या गुणांत ती धग कुठून येणार?

दुसरी गोष्ट अधिकाराची, आणि तिच्याबद्दल कुणी ॲपवाला बोलत नाही. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका आल्या. 2016 च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये त्या जाहीर होऊनही पुढे ढकलल्या गेल्या. गॅदरिंगचा पैसा कुठं जातो हे विचारण्याचा हक्क ज्याला नाही, त्याला सूचनापेटी फोनवर दिली काय आणि जिन्याखाली टांगली काय, फरक शून्य.

हिंसाचाराच्या भीतीनं निवडणुका बंद झाल्या होत्या, ती भीती पोकळ नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं 2006 मध्येच खर्चापासून वयापर्यंतची बंधनं सुचवून ठेवली आहेत. प्राचार्यांनी या वर्षी ॲपची वर्गणी भरण्याआधी दोन कामं करावीत: गॅदरिंगचं अंदाजपत्रक मुलांच्या समितीच्या हाती द्यावं, आणि संध्याकाळी सहानंतर एक खोली तालमीसाठी उघडी ठेवावी.