शंभर वाती आणि दहा मेणबत्त्या : एकरात्रीच्या भयखेळाचा इतिहास

भयकथा ऐकणे आणि भयखेळ खेळणे या दोन क्रिया वरवर सारख्या दिसतात, परंतु श्रोत्याचे स्थान दोहोंत एक नसते. भयकथेचा श्रोता कथेबाहेर बसलेला असतो. भयखेळात तो आत ओढला जातो. भूमिकाखेळ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या खेळात एक जण सूत्रधार होऊन परिस्थिती वर्णितो, इतर जण प्रत्येकी एक पात्र स्वीकारून आपली कृती सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. असे खेळ बहुधा महिनोन्‌महिने चालतात. भीतीचा खेळ मात्र एकाच बैठकीत संपविण्याकडे प्रथमपासून कल दिसतो. या प्रकाराचा इतिहास अमेरिकेतील 1970 नंतरच्या दशकापासून मांडण्याची रूढी आहे. त्याचे मर्म ज्या युक्तीत आहे ती मात्र तीन शतकांहून अधिक जुनी असून जपानमधील आहे.

एदो काळातील या प्रथेचे नाव ‘हयाकुमोनोगातारी काइदानकाई’. हयाकु म्हणजे शंभर, मोनोगातारी म्हणजे कथा, आणि काइदानकाई म्हणजे अद्‌भुत-भयानक कथांची बैठक. आसाइ र्‍योइ याच्या ‘ओतोगिबोको’ या 1666 च्या कथासंग्रहात तिचा विधी आला आहे. अंधारी रात्र निवडावी, कागदी दिव्याला निळा कागद लावावा, आत शंभर वाती पेटवाव्यात, आणि एकेक कथा संपताच एकेक वात विझवावी. शेवटची वात विझली की ज्याच्या कथा सांगितल्या तेच प्रत्यक्ष प्रकट होते, अशी समजूत होती. कथांचा ऐवज पुष्कळदा उसना असे. खुद्द ‘ओतोगिबोको’तील अनेक कथा छू यौ या चिनी लेखकाच्या संग्रहावरून रूपांतरित केलेल्या आहेत, आणि त्या संग्रहाचे नावही दिव्याची वात कातरण्यावरून पडलेले आहे.

कथा साधारण असली तरी भीती वाढत जाते, हा या विधीचा विशेष होय. ऐंशीवी कथा विसाव्या कथेहून सरस असण्याचे कारण नाही. पण ती ऐकताना खोलीत एकवीसच वाती उरलेल्या असतात. राहिलेला उजेड सर्वांना दिसतो, त्याची मोजदाद करावी लागत नाही, आणि तो परत वाढत नाही. पुढे चित्रकार तोरियामा सेकिएन याने 1781 च्या सुमारास या बैठकीतून प्रकटणारे भूत चित्रित केले. त्याचे नाव ‘आओआंदोन’, म्हणजे निळा दिवा. शंभर कथांतील कोणतेही पिशाच न निवडता परंपरेने साधनालाच पिशाच बनविले, ही गोष्ट भीतीचे मूळ कोठे होते ते सांगण्यास पुरेशी आहे.

जिनीव्हाच्या सरोवराकाठी 1816 च्या उन्हाळ्यात बायरन, शेली, मेरी गॉडविन व पॉलिडोरी यांनी भूतकथा लिहिण्याची जी पैज लावली, तिचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ (1818) तिचे फळ. परंतु तेथे काहीच खर्ची पडत नव्हते. ती पैज वाङ्मयेतिहासाची आहे, खेळाच्या इतिहासाची नव्हे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर लवकरच भीतीकडे लक्ष गेले. गॅरी गायगॅक्स याचा ‘टूम ऑफ हॉरर्स’ 1975 च्या एका स्पर्धेसाठी रचला होता. त्यात पात्रे झटपट मरतात, पण खेळाडूला वाटते ती हरण्याची धास्ती. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने एका रक्तपिपासू सरदाराच्या किल्ल्याचा खेळ कित्येक वर्षे दर हॅलोविनला खेळून पाहिला व 1983 मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ म्हणून प्रसिद्ध केला. महत्त्वाच्या वस्तू कोठे आहेत हे त्यात पत्त्यांच्या भविष्यकथनाने ठरते. सँडी पीटरसन याच्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’ने (1981) मात्र वातीची युक्ती नव्याने आणली: पात्राचे मनःस्वास्थ्य हा एक आकडा, जो भयंकर दृश्यागणिक घटतो. त्यातही एक न्यून राहिले. आकडा ज्याच्या त्याच्या कागदावर असतो. खोलीतील अंधारासारखा तो सर्वांचा होत नाही.

हे न्यून पुढील दोन खेळांनी भरून काढले. ‘ड्रेड’ (2005) या खेळात फासेच नाहीत. जेंगाचा लाकडी मनोरा मध्ये ठेवतात आणि अवघड कृतीसाठी खेळाडूला त्यातील ठोकळा काढावा लागतो. मनोरा पडला की पात्र संपले. जेंगा हे नाव स्वाहिलीतील ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूवरून आले आहे. येथे त्याचा उपयोग नेमका उलट आहे. याच खेळातील प्रश्नावली भाषाभ्यासकाने अवश्य पाहावी. एका रात्रीत पात्राचा पूर्वेतिहास रचण्यास वेळ नसतो, म्हणून सूत्रधार गृहीतक दडवलेले प्रश्न लेखी देतो. ‘त्या रात्री बहिणीला घरी एकटे का सोडले?’ असा प्रश्न असेल, तर बहीण, ती रात्र आणि अपराध ही तिन्ही न विचारता मान्य होतात. उत्तर खेळाडूचे असते, आणि म्हणून अपराधही त्याचाच वाटतो.

स्टीफन ड्यूई याच्या ‘टेन कँडल्स’ने (2015) वातींचा विधी जवळजवळ मूळ रूपात परत आणला. दहा मेणबत्त्या, प्रारंभी दहा फासे. मेणबत्ती विझली की प्रसंग संपतो आणि खेळाडूंच्या वाट्याचा एक फासा कायमचा जातो. वाऱ्याने विझलेली मेणबत्तीही विझलीच म्हणून धरतात.

या सर्व वाटचालीत भाषेचा पुरुष व काळ बदलला आहे. मराठीत भूतकथा ‘म्हणे’ या शब्दाच्या आधाराने चालते: त्या वडावर म्हणे कोणी दिसले. सांगणारा साक्षीदार नसतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढे अंतर मिळते. जुन्या जपानी कथनातील ‘केरि’ हे साहाय्यक क्रियारूप असेच ऐकीव भूतकाळाचे काम करते. भूमिकाखेळाचा सूत्रधार म्हणतो, ‘तू दार उघडतोस.’ द्वितीय पुरुष, वर्तमानकाळ. ‘म्हणे’ला तेथे जागाच नाही.

अंतर गेले की थांबण्याची सोय वेगळी करावी लागते. जपानी बैठकींत नव्व्याण्णव कथांवर थांबून उजाडण्याची वाट पाहण्याचा प्रघात होता. धीट सामुराईंनीही तो कमीपणाचा मानल्याचे दिसत नाही. आजच्या अनेक मेजांवर ‘एक्स’ अक्षराचे एक पत्रक ठेवलेले असते. कोणीही त्याला स्पर्श करावा, कारण सांगू नये, आणि प्रसंग बदलावा. त्याला नवी नाजूकता म्हणून हसणारे लोक आहेत. त्यांना नव्व्याण्णवाचा नियम ठाऊक नसावा.

‘टेन कँडल्स’मध्ये शेवट टळत नाही. दहावी मेणबत्ती विझेपर्यंत सर्व पात्रे मरतात, हे खेळाडूंना आधीच ठाऊक असते. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पात्राच्या आवाजात एक निरोप ध्वनिमुद्रित केलेला असतो. संपूर्ण अंधारात तो ऐकवला जातो, आणि काही वेळापूर्वी ‘मी’ म्हणून बोललेले आता ऐकीव झालेले असते.